विमानाच्या शेपटीवरचे टाके

जानकीबाई हेडाऊ आजवर विमानात बसलेल्या नाहीत. नागपूरला जायचं तर एसटी आणि नदीपलीकडे कारध्याला जायचं तर ऑटो, एवढाच त्यांचा प्रवास. पण ऐंशी वर्षं जुन्या एका लढाऊ विमानाच्या शेपटीवर दोनशे सहा टाके त्यांच्या हातचे आहेत. त्यांतले अठरा त्यांनी दोनदा घातले. त्या अठरांबद्दल त्या आजही कोणी विचारलं तर काही न लपवता सांगतात.

त्यांचं माहेर आंधळगावचं, सासर भंडाऱ्याचं, दोन्ही घरं कोष्ट्यांची. अठराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा पुढच्या खोलीत खड्ड्यातला माग होता आणि त्यावर नवरा बाबूलाल बसायचा. मागावर बसणं पुरुषाचं आणि मागाआधीचं सगळं बाईचं, अशी घरातली वाटणी. सासू ताराबाईंनी त्यांना सूत उकलायला, खळ लावायला आणि तुटलेला धागा सांधायला शिकवलं. सांधणं म्हणजे दोन टोकं अशी बांधायची की कापड विणून झाल्यावर बोट फिरवलं तरी गाठ लागू नये. पुढे पुढे जानकीबाई हे काम गल्लीतल्या बायकांशी बोलत बोलत, न बघता करू लागल्या. वस्तीतले माग एकेक करून थांबले, मुलगा धर्मेंद्र पुण्याला नोकरीला गेला, तरी बाबूलालचा माग चालूच राहिला. ऑर्डर आली की तो विणायचा, नाही आली तर माग पुसून ठेवायचा.

तीन वर्षांपूर्वी, होळी आटोपल्यावर, एक उंच म्हातारा माणूस मागाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हातात कापडाचा तळहाताएवढा तुकडा.

"कारध्याचा लक्ष्मण भुरे मी," तो म्हणाला. "असं कापड विणून होईन काय, थे विचाराले आलो."

बाबूलालनं तुकडा उजेडात धरला. जाडसर, घट्ट, जवसाच्या धाग्याचं कापड. "कायले पायजे?"

"विमानाले."

बाबूलाल हसला नाही, पण त्यानं बायकोकडे पाहिलं. लक्ष्मणरावांना बसायला खुर्ची दिली, चहा आला, आणि मग त्यांनी सांगितलं.

ते हवाई दलात बत्तीस वर्षं होते, विमानाच्या सांगाड्याचे कारागीर. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांना जुन्या अधिकाऱ्यांचा फोन आला. काही निवृत्त मंडळींनी मिळून दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं एक एकआसनी लढाऊ विमान उडतं करायला घेतलं होतं. विमान कसलं, भंगारच. धड एका ठिकाणी सापडलं, पंख दुसऱ्या, शेपटीचं सुकाणू तर कुठल्याशा शेतात कुंपणाला लावलेलं. नऊ वर्षं काम चालू होतं. इंजिन दुरुस्त करणारे लोक जगात थोडे, त्यामुळे ते परदेशी जाऊन दोन वर्षांनी परत आलं होतं. चाकांचं रबर कोणी बनवत नव्हतं. कित्येक भागांचे नकाशेच उरले नव्हते. मग गंजाच्या डागावरून मूळ तुकडा केवढा असेल ते ओळखायचं आणि नवा घडवायचा. सुकाणूचं काम लक्ष्मणरावांकडे आलं होतं. गाव सोडायला ते तयार नव्हते, म्हणून सुकाणूच कारध्याला आलं. तिथल्या एका बंद राइस मिलच्या शेडमध्ये त्यांनी ते ठेवलं होतं.

"त्याले पत्रा नसते," ते म्हणाले. "आतमध्ये ॲल्युमिनियमच्या तेरा फासळ्या आन वरून कापड. खरं कापड बाहेरून आलं आहे. हे सरावासाठी पायजे. पण कापडापेक्षा मोठी अडचण शिवणाऱ्याची आहे. मी केलं आहे हे काम, चाळीस वर्षांआधी. आता बोटं आयकत नाई."

हे बोलताना त्यांचं लक्ष जानकीबाईंच्या हातांकडे होतं. त्या कोपऱ्यात बसून तुटलेले धागे सांधत होत्या आणि नजर मात्र पाहुण्याकडे होती. लक्ष्मणरावांनी खिशातून मेण लावलेली दोरी काढली, खुर्चीच्या दांडीवर एक गाठ घातली, सोडली, परत घातली.

"वहिनी, हे जमते काय पाहा."

जानकीबाईंनी दोरी हातात घेतली. पहिल्या खेपेला गाठ सुटली. दुसऱ्या खेपेला बसली. तिसऱ्यांदा त्यांनी ती दांडीच्या मागच्या बाजूला, दिसत नसताना घातली. लक्ष्मणरावांनी ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली आणि चहाचा कप खाली ठेवला.

"वहिनीले माह्याकडे पाठवान काय?" त्यांनी बाबूलालला विचारलं.

"मले काहून विचारता?" बाबूलाल म्हणाला. "तिले विचारा."

तसं जानकीबाईंचं कारध्याला जाणं सुरू झालं. सकाळी स्वयंपाक आटोपायचा, पुलावरून ऑटोनं पलीकडे जायचं, दुपारी चारला परत. पहिले चार महिने फक्त सराव. लक्ष्मणरावांनी लाकडाच्या फासळ्यांचा एक खोटा सांगाडा करून दिला होता. कापड त्यावर पिशवीसारखं चढवायचं, मग वीतभर लांब सुई या बाजूनं घालून त्या बाजूनं काढायची, फासळीला वळसा घालून परत आणायची आणि गाठ मारायची. दोन बोटांवर पुढचा टाका. वर कापडाची पट्टी चिकटवायची आणि मग डोप नावाचं झोंबऱ्या वासाचं रोगण हातावर हात द्यायचं. ते वाळताना कापड ढोलासारखं ताणलं जातं.

"टाके कायले लागतात, सांगतो," लक्ष्मणराव म्हणाले होते. "विमान जोरात गेलं की हवा कापडाले बाहेर ओढते. एका फासळीचा दोर गेला की कापड फुगते, मंग बाजूच्या फासळीवर जोर येते. थो दोर गेला की त्याच्या बाजूचा. वर बसलेल्याच्या हातात काही राहत नाई."

त्यांचा एक नियम होता. सरावाची कमी ताकदीची सुती दोरी निळ्या डब्यात आणि खरी, जवसाची दोरी पांढऱ्या डब्यात. मेण लावलं की दोन्ही सारख्याच दिसत, म्हणून एका डब्यात कधी ठेवायच्या नाहीत.

खऱ्या सुकाणूवर कापड चढलं ते श्रावणात. जानकीबाई म्हणाल्या होत्या, "भाऊ, या दिवसांत आमी सुताले खळ लावत नाई. हवा ओली राहते, नीट वाळत नाई." पण वरून तारीख आली होती. लक्ष्मणरावांनी दारं बंद करून, मोठे दिवे लावून डोपचे दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी सगळ्या सुकाणूवर भुरी आल्यासारखा पांढरा थर होता. नदीकाठची ओल डोपमध्ये शिरली होती. महिनाभराचं काम ब्लेडनं कापून काढावं लागलं.

लक्ष्मणरावांनी कापडाची गुंडाळी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "तुमचं आयकाले पायजे होतं वहिनी. चुकलंच माझं." आयुष्यात कुठल्या पुरुषानं कामाच्या बाबतीत जानकीबाईंना असं म्हटलं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि झाडू घेतला.

दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर पुन्हा सुरुवात झाली. विमानाची तपासणी करणारी नागपूरची स्वाती नावाची तरुण इंजिनीअर दर आठवड्याला यायची. ती प्रत्येक फासळीचे टाके मोजायची, अंतर मापायची, गाठ ओढून पाहायची आणि वहीत सही करायची. सगळ्या तेरा फासळ्यांवर तिच्या सह्या झाल्या. मग पट्ट्या, डोप, रंग. सुकाणूचं वजन ठरल्यापेक्षा जरा जास्त भरलं तर ते हवेत थरथरतं, म्हणून रंगाचा प्रत्येक हात तोलून दिलेला. माघात ते शंभर किलोमीटरवरच्या धावपट्टीवर गेलं आणि विमानाला बसलं. इंजिन सुरू झालं, विमान धावपट्टीवर पळवून पाहिलं. चैत्रात पहिलं उड्डाण ठरलं. पाहुण्यांना निमंत्रणं गेली. जानकीबाई आणि बाबूलाल यांच्यासाठी पुढच्या रांगेत दोन खुर्च्या होत्या.

उड्डाणाला चार दिवस होते. जानकीबाई सकाळी घर आवरत होत्या. कारध्याहून आणलेली आपली पिशवी त्यांनी रिकामी केली. सुया, मेणाचा गोळा, चष्म्याची जुनी काडी आणि पांढरा डबा. डबा धुवायला म्हणून उघडला तर तळाशी दोरीचा एक वळसा होता.

त्या तिथेच बसल्या. दिवाळीनंतर काम पुन्हा सुरू झालं त्या दिवशी त्यांनी खऱ्या दोरीचे तेरा तुकडे कापून ठेवले होते, फासळीला एक. तेरा फासळ्या शिवून झाल्या होत्या. मग हा तुकडा कुठला?

आपण चौदा कापले असतील, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पण कापताना स्वाती समोर होती आणि तिनं आकडा लिहून घेतला होता. मग एकेक दिवस आठवायला घेतला. तिसऱ्या फासळीपाशी येऊन थांबल्या. त्या दिवशी लक्ष्मणराव डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी स्वाती येणार, त्याआधी फासळी संपवावी म्हणून त्यांनी घाई केली होती. सुई शोधताना दोन्ही डबे उघडे होते. निळ्या डब्यातल्या दोरीलाही त्यांनीच आपल्या हातानं मेण लावलं होतं, सराव खऱ्यासारखा व्हावा म्हणून.

कोणाला दिसणार नव्हतं. टाक्यांवर पट्टी, पट्टीवर डोप, डोपवर रंग. वहीत सही.

बाबूलाल बाहेरून आला तेव्हा त्या दोरी हातात घेऊन बसलेल्या होत्या. त्यांनी सगळं सांगितलं.

"पक्कं आहे काय?" त्यानं विचारलं.

"नाई. पण आहे असं वाटते."

"मंग चाल," बाबूलाल म्हणाला आणि चपला घालायला लागला. वर्षभरात त्या कामासाठी तो पहिल्यांदा त्यांच्याबरोबर पुलापलीकडे गेला.

लक्ष्मणराव अंगणात खाटेवर पेपर वाचत होते. जानकीबाईंनी दोरीचा तुकडा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि उभ्यानंच बोलल्या. रस्ताभर जुळवलेलं सगळं विसरलं होतं. "भाऊ, हा एक उरला. तिसऱ्या फासळीले मी सुती दोर लावला असन. खालून तिसरी. तुमी दवाखान्यात होते थ्या दिवशी. डबे दोन्ही उघडे ठेवले मी."

लक्ष्मणरावांनी पेपरची घडी केली. दोरी बोटांत फिरवून पाहिली. मग फोन लावला.

"स्वाती, उड्डाण थांबवाले सांग. हो, सुकाणू उघडाचं आहे. पाहुण्यांचं नंतर पाहू. मी येऊन राहिलो." फोन ठेवून ते जानकीबाईंना म्हणाले, "तुमीबी चला. तुमच्या सुया घ्या."

जीपमध्ये जानकीबाई खिडकीला लागून बसल्या होत्या. साकोली गाव मागे पडलं. मग लक्ष्मणराव समोर रस्त्याकडे पाहत म्हणाले, "मी चोवीस वर्षांचा होतो. एका विमानाच्या पंखात स्क्रू ड्रायव्हर इसरलो. विमान उडाच्या आधी आठवलं. तसाच सांगाले गेलो. आमचा सार्जंट रागावला नाई. पंख उघडला, मलेच हात घालाले लावला, मंग मलेच बंद कराले लावला. दुसऱ्या कोणाले देला असता तं मी पुन्हा पान्याले हात नसता लावला."

धावपट्टीवरच्या शेडमध्ये विमान उभं होतं. जानकीबाईंनी ते पूर्ण जोडलेलं प्रथमच पाहिलं. समोरचा पंखा माणसाच्या दुप्पट उंच आणि नाक वर करून उभं राहण्याची ऐट. शेपटीकडे मात्र त्यांना बघवेना. स्वाती शिडी लावून तयार होती. तिचा चेहरा उतरला होता, कारण सही तिची होती.

"काकू, मीपण ओढून पाहिली होती," ती म्हणाली. "मलाही कळलं नाही."

सुकाणू उतरवून टेबलावर आडवं घेतलं. स्वातीनं खालून तिसऱ्या फासळीवरची पट्टी ब्लेडनं अलगद कापून उचलली, एक टाका तोडला आणि दोरीचं टोक काढून त्याचा पीळ उलगडला. आतले तंतू आखूड आणि मऊ होते, जवसासारखे लांब नव्हते. तिनं ते लक्ष्मणरावांकडे दिलं. सुतीच होती.

तेवढ्यात भुपेंद्रसाहेब आले. विमान उडवणारे तेच. हवाई दलातून निवृत्त झालेले, जबलपूरकडचे, साठीचे. त्यांनी ते टोक हातात घेतलं आणि जानकीबाईंना खुर्चीवर बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. साहेबही मग उभेच राहिले.

"मी या विमानात एकटा बसणार आहे," ते आपल्या हिंदी वळणाच्या मराठीत म्हणाले. "माझ्या पुढे दीड हजार घोड्यांचं इंजिन, आणि मागे तुमचं कापड. प्रत्येक भाग कोणीतरी केलेला आहे. मी सगळ्यांना भेटू शकत नाही. पण ज्याला चूक सांगता येते त्याच्या कामावर मी बसू शकतो. तुम्ही आलात, मी आपला आभारी आहे."

आणि त्यांनी हात जोडले. जानकीबाईंनीही जोडले. आपल्याला रागावतील, निदान घरी पाठवतील, एवढ्या तयारीनं त्या आल्या होत्या.

लक्ष्मणराव म्हणाले, "वहिनी, बसा. अठरा टाके आहेत."

"मीच करू?"

"मंग कोण करन?"

स्वातीनं नवीन दोरी मोजून दिली आणि उरलेली लगेच कुलूपबंद केली. जानकीबाईंनी सुई ओवली. पहिला टाका जरा तिरपा पडला, म्हणून तो त्यांनी स्वतःच काढून टाकला आणि पुन्हा घातला. प्रत्येक गाठीनंतर थांबून त्या स्वातीकडे बघत, स्वाती ओढून बघे, मग पुढचा. अठरा टाक्यांना दुपार गेली. बाबूलाल शेडच्या दाराशी बसून होता. मधे एकदा त्यानं पाण्याची बाटली आणून दिली.

त्यानंतर बाकीच्या बारा फासळ्यांची एकेक गाठ उघडून दोरी तपासली. सगळ्या बरोबर निघाल्या. पट्ट्या, डोप, रंग आणि तोल पुन्हा झाला. त्याला तीन आठवडे लागले. ज्या पाहुण्यांना बोलावलं होतं त्यांतले अर्धे दुसऱ्या तारखेला येऊ शकले नाहीत. पुढच्या रांगेत पुष्कळ खुर्च्या रिकाम्या होत्या.

उड्डाणाच्या दिवशी सकाळी सातलाच ऊन तापायला लागलं होतं. इंजिन पहिल्यांदा खोकून बंद पडलं, दुसऱ्यांदा निळा धूर सोडून लागलं. आवाज असा की जानकीबाईंनी बाबूलालचा दंड धरला. विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं आणि पळत आलं. पळता पळता त्याची शेपटी आधी उचलली गेली. जानकीबाई फक्त शेपटीकडे पाहत होत्या. ते हिरवट पातं डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, भुपेंद्रसाहेबांच्या पायांखालच्या पेडलचं ऐकत होतं. मग चाकं सुटली.

बावीस मिनिटं विमान हवेत होतं. मधेच एक चाक आत गेल्याचा दिवा लागेना. लक्ष्मणराव वायरलेसच्या बाजूला जाऊन उभे राहिले. साहेबांनी दोनदा चाकं खाली-वर केली, मग तसंच एक मोठं वर्तुळ घेतलं आणि उतरले. चाकं दोन्ही खाली होती. दिव्याची तार तेवढी सैल झाली होती.

खाली उतरल्यावर साहेबांना आधी मेकॅनिकांनी घेरलं. ते त्यांच्याशी चाकाबद्दल, तेलाच्या दाबाबद्दल बोलले. मग शेपटीकडे येऊन त्यांनी सुकाणूवर तळवा फिरवला आणि जानकीबाईंकडे पाहून म्हणाले, "हे एकदम बरोबर." एवढंच. मग परत तेलाकडे गेले.

स्वातीनं विमानाची मोठी वही आणली. काम करणाऱ्याच्या रकान्यात लक्ष्मणरावांचं नाव होतं. त्याखाली तिनं लिहिलं होतं: जानकीबाई बाबूलाल हेडाऊ, भंडारा. "काकू, इथे सही." त्या ओळीखाली तिसऱ्या फासळीची गोष्टही लिहिली होती, तारखेसकट, काही न गाळता. जानकीबाईंनी ती नीट वाचून घेतली. बरोबर होती. मग सही केली.

परतीच्या वाटेवर जीप चहासाठी थांबली. बाबूलाल ड्रायव्हरबरोबर टपरीवर गेला. जानकीबाई आणि लक्ष्मणराव गाडीतच होते. बराच वेळ मनात घोळत असलेलं त्या बोलल्या.

"भाऊ, थ्या दिवशी तुमी मले सुई परत देली. माह्या सासूनं हाताले काम शिकवलं, आईनं जलम देला, पण थे तुमी केलं. मी इसरणार नाई."

लक्ष्मणरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी सार्जंटले कधी असं सांगतलं नाई," ते म्हणाले. "सांगाले पायजे होतं. आता तो नाई."

बाबूलाल तीन कप घेऊन आला. चहा फार गोड होता, तरी तिघांनीही पूर्ण प्यायला.

आता कारध्याच्या शेडमध्ये दुसऱ्या एका जुन्या विमानाचे पंख आले आहेत. प्रशिक्षणाचं विमान, सगळंच कापडाचं, टाके हजारांवर. जानकीबाई गावातल्या दोन बायकांना हाताखाली घेऊन शिकवत आहेत. लक्ष्मणराव बहुतेक वेळ खुर्चीत असतात, विचारलं तरच बोलतात. पाऊस लागला की डोपचं काम बंद, हे आता न बोलता ठरलेलं. त्या दिवसांत जानकीबाई भंडाऱ्यालाच असतात, बाबूलालच्या मागाला सूत तयार करतात, आणि धर्मेंद्रचा फोन आला की त्याला सांगतात की काम चांगलं चालू आहे, देवाच्या आणि चार माणसांच्या कृपेनं.